औषधी मध: बरणीवरचा आकडा आणि ट्यूबमधला उपयोग

‘औषधी मध’ या एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे खायच्या मधाची बरणी. तिच्या दर्शनी बाजूला ‘एमजीओ ५१४+’ किंवा ‘यूएमएफ १५+’ असा आकडा मधाच्या नावापेक्षाही ठळक छापलेला असतो. दुसरी म्हणजे मलमासारखी ट्यूब किंवा सीलबंद पाकिटातले ड्रेसिंग, ज्यावर ‘निर्जंतुक’ हा शब्द असतो. दोन्हींत मध बहुधा एकाच झुडपाचा, न्यूझीलंडकडच्या मानुकाचा. तरी दोन्हींना एकच शेरा देता येत नाही. ट्यूब काही ठरावीक जखमांवर चांगले काम करते आणि त्यामागे चाचण्या आहेत. बरणीतला मध हा चांगला मध असतो, एवढेच. वरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजून तो चमच्याने खाण्यात फारसे हशील नाही. असे का, ते मध जंतूंना कसा मारतो हे पाहिल्यावर कळते.

मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि १७-१८ टक्के पाणी. तेवढे पाणीही साखरेने असे धरून ठेवलेले असते की जंतूंच्या वाट्याला येत नाही. उलट जंतूच्या पेशीतले पाणीच बाहेर ओढले जाते. शिवाय मधाचा पीएच ३.२ ते ४.५, म्हणजे चांगलाच आंबट. गोडव्याखाली जिभेला तो कळत नाही, पण उघड्या जखमेला लगेच कळतो. तिसरी गोष्ट मधमाशीच्या ग्रंथींतून येते: ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम. घट्ट मधात ते निपचित पडलेले असते. मधात पाणी किंवा जखमेतली लस मिसळली की ते कामाला लागते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के द्रावणाच्या मानाने हे प्रमाण साधारण हजारावा भाग. पण ते तासन्‌तास थोडेथोडे झिरपत राहते. त्यामुळे जंतूंना त्रास होतो आणि नव्याने भरून येणारी त्वचा मात्र भाजत नाही.

कोणताही चांगला मध एवढे करतो. अडचण अशी की हे एन्झाइम उष्णतेने आणि उजेडाने खराब होते, आणि रक्तात व ऊतींत कॅटलेज नावाचे एन्झाइम असते ते तयार झालेले पेरॉक्साइड फोडून टाकते. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन यांनी १९८०च्या दशकात मानुका मधातून कॅटलेज वापरून पेरॉक्साइड काढून टाकले, तरी त्याचा जंतुनाशक गुण शिल्लक राहिला. तो कशामुळे, हे पुढे ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात थॉमस हेन्ले यांच्या गटाने शोधून २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ते द्रव्य म्हणजे मिथाइलग्लायऑक्साल, लेबलावरचे एमजीओ. मानुकाच्या फुलातल्या मकरंदात डायहायड्रॉक्सीअॅसिटोन असते. मध साठवणीत मुरतो तसतसे त्याचे एमजीओ होत जाते. बहुतेक इतर मधांत हे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅमच्याही खाली असते. मानुकात ते शेकड्यांत जाते.

आकडा काय सांगतो आणि काय नाही

एमजीओचा आकडा सरळ आहे: एक किलो मधात किती मिलिग्रॅम. यूएमएफचा, म्हणजे ‘युनिक मानुका फॅक्टर’चा, आकडा मूळचा तुलनेचा. यूएमएफ १० चा मध प्रयोगशाळेतल्या ताटलीत फिनॉल या जुन्या जंतुनाशकाच्या १० टक्के द्रावणाइतका जंतूंना अडवतो. दोन्हींचा मेळ असा बसतो: यूएमएफ ५ म्हणजे एमजीओ ८३, १० म्हणजे २६३, १५ म्हणजे ५१४ आणि २० म्हणजे ८२९. म्हणजे ‘एमजीओ १००+’ हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी तो यूएमएफ १० च्या निम्म्यालाही पोचत नाही. बरणी निवडताना सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण वेगवेगळ्या मापांचे आकडे एकाच फळीवर शेजारी मांडलेले असतात.

आता थोडे गणित. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची वाढ थांबायला लिटरमागे सुमारे ८० मिलिग्रॅम एमजीओ लागते. यूएमएफ १५ चा एक छोटा चमचा म्हणजे साधारण ७ ग्रॅम मध. त्यात एमजीओ ३.६ मिलिग्रॅम. तो पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात ढवळला की लिटरमागे १८ मिलिग्रॅम उरतात. पाव भागसुद्धा नाही. त्यापुढे पोटातला रस, अन्न आणि त्यातली प्रथिने, ज्यांना एमजीओ लगेच चिकटते. आणि शरीराच्या पेशींत ग्लायऑक्सालेज ही यंत्रणा मुळी एमजीओची विल्हेवाट लावण्यासाठीच असते; ती त्याचे लॅक्टिक आम्ल करून टाकते. हेलिकोबॅक्टर हा पोटातला जंतू काचेच्या ताटलीत मानुकाने मरतो हे खरे आहे. माणसाच्या पोटात मात्र त्याला त्या ताटलीसारखे गाठता येत नाही.

तोच मध जखमेवर ठेवला तर गणित उलटते. मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो, त्यामुळे यूएमएफ १५ च्या एका लिटरमध्ये ७२० मिलिग्रॅम एमजीओ भरते. लस मिसळून तो आठपट पातळ झाला तरी ९० उरतात, म्हणजे काम चालू राहते.

बरणी घ्यायचीच असेल तर लेबलावर पाहण्यासारखे फार नाही, पण जे आहे ते नीट पाहावे. यूएमएफचा परवाना असलेल्या मधात एमजीओ, डायहायड्रॉक्सीअॅसिटोन, लेप्टोस्पेरिन आणि एचएमएफ या चार गोष्टी तपासतात. यांतले लेप्टोस्पेरिन महत्त्वाचे. ते मानुकाच्या मकरंदाची खूण आहे आणि बाहेरून घालून साधणे अवघड. एमजीओ किंवा डायहायड्रॉक्सीअॅसिटोन मात्र रसायन म्हणून विकत मिळते आणि मधात मिसळता येते; अशा भेसळीबद्दल न्यूझीलंडमध्ये न्यायालयाने दंडही केला आहे. एचएमएफ हे मध तापवल्याचे किंवा फार जुना झाल्याचे माप. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम, उष्ण प्रदेशातल्या मधासाठी ८०. एमजीओ भराभर वाढावे म्हणून मध उबेत ठेवला तर एचएमएफही चढते, आणि चोरी तिथे पकडली जाते.

न्यूझीलंडबाहेर मानुका म्हणून जाणाऱ्या मधाला २०१८ पासून तिथल्या सरकारची पाच खुणांची चाचणी लागू आहे: चार रसायने आणि एक डीएनए. तीत ‘मोनोफ्लोरल’, म्हणजे मुख्यतः एकाच फुलाचा, ठरायला ३-फिनाइललॅक्टिक आम्ल किलोमागे किमान ४०० मिलिग्रॅम लागते. ‘मल्टिफ्लोरल’ला, म्हणजे अनेक फुलांच्या मधाला, २० पुरतात. दोन्हींवर ‘मानुका’ हे नाव येते. हा फरक बारीक अक्षरांत दडलेला असतो आणि तो वाचायलाच हवा. ‘अॅक्टिव्ह १०+’, ‘टोटल अॅक्टिव्हिटी’, ‘बायो अॅक्टिव्ह’ असे शब्द दिसले तर बरणी परत ठेवावी. ‘टोटल’मध्ये पेरॉक्साइडची ताकद धरलेली असते, जी साध्या मधातही असते. ‘के-फॅक्टर’ हे माप मुख्यतः परागकणांवर आधारलेले आहे. त्यावरून एमजीओ कळत नाही.

आणि हो, मधाचा थेंब पाण्यात टाकणे, नखावर ठेवणे, काडेपेटीची काडी बुडवून पेटवणे, या घरगुती चाचण्यांनी भेसळ कळत नाही. कळतो फार तर घट्टपणा, आणि साखरेचा पाक बनवणाऱ्या कंपन्यांनाही घट्ट पाक बनवता येतो. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने आयात मधाचे ३२० नमुने तपासले, त्यांतले १४७ संशयास्पद निघाले. त्यासाठी प्रयोगशाळाच लागली.

ट्यूब, जेल की पट्टी

जखमेसाठीच्या मधात पहिली अट आकड्याची नाही, निर्जंतुकतेची आहे. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते मधात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. उकळून काढायचे म्हटले तर आधी मधाचे एन्झाइम मरते. म्हणून वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. २५ किलोग्रेच्या मात्रेने बीजाणू मरतात आणि मधाचा जंतुनाशक गुण टिकतो, हे मोलन यांच्याच कामातून दिसले आहे. बरणीतला मध कितीही महाग असो, त्यावर ही प्रक्रिया झालेली नसते. तो उघड्या जखमेवर लावू नये.

मेडिहनी ही या वर्गातली सर्वांत परिचित मालिका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्या ड्रेसिंगना २००७ मध्ये मान्यता दिली. तिच्यात तीन प्रकार खरोखर वेगळे आहेत. १०० टक्के मधाची ट्यूब खोल, पोकळ जखमेत भरायला बरी, पण अंगाच्या उबेने पातळ होऊन ओघळते. ८० टक्के मध आणि बाकी मेण असलेले जेल जागेवर टिकते. पायाच्या नडगीसारख्या उतरत्या जागी हेच सोयीचे. तिसरी अल्जिनेटची, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या धाग्यांची पट्टी, ९५ टक्के मधाची. ती लस शोषून जेलसारखी फुगते, म्हणून खूप वाहणाऱ्या जखमेला हीच घ्यावी. कोरड्या जखमेवर ती वाया जाते: फुगायला ओलावाच मिळत नाही आणि ती चिकटून बसते.

अॅक्टिव्हॉन ही ब्रिटनमधली ट्यूब १०० टक्के मानुकाची. वागणूक वरच्या ट्यूबसारखीच. तिचे जाळीदार कापड, म्हणजे मध मुरवलेले ट्यूल, उथळ खरचटलेल्या किंवा भाजलेल्या जागी छान बसते आणि काढताना कमी ओढते.

नेदरलँड्सचे रेव्हामिल हा वेगळ्याच जातीचा मध. तो नियंत्रित काचघरांत तयार होतो आणि त्याचा भर एमजीओवर नाही, पेरॉक्साइडवर आहे. २०१० मध्ये त्यातच मधमाशीचे डिफेन्सिन-१ हे प्रथिन जंतू मारते असे सापडले. ‘मानुका नाही म्हणजे औषधी नाही’ या समजुतीला हे रोख उत्तर आहे.

एल-मेसिट्रान हे खरे तर मधाचे मलम: मलमात ४८ टक्के मध, मऊ जेलमध्ये ४० टक्के. कमी मधामुळे झोंबणे कमी आणि पसरवायला सोपे. पण मलमात लॅनोलिन, म्हणजे लोकरीची चरबी आहे. पायाच्या जुन्या जखमा असणाऱ्यांत लॅनोलिनची अॅलर्जी नेहमी दिसते, तेव्हा घटकांची यादी वाचल्याशिवाय हे घेऊ नये.

लावताना

सर्वाधिक चूक प्रमाणात होते. लोक मलमासारखा पातळ हात फिरवतात आणि दोन तासांत लस तो धुऊन नेते. १० सेंटिमीटर चौरस ड्रेसिंगला २० मिलिलिटर, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम मध लागतो. म्हणजे थर साधारण २ मिलिमीटरचा दिसला पाहिजे. छोटी ट्यूब एका मोठ्या जखमेला एका वेळेत संपते, हे खरेदीआधीच धरून चालावे.

जखम सलाईनने धुवावी आणि भोवतालची त्वचा टिपून कोरडी करावी. मध घट्ट असेल तर ट्यूब मुठीत दोन-तीन मिनिटे धरावी. गरम पाण्यात बुडवू नये. मध थेट जखमेवर पिळण्यापेक्षा ड्रेसिंगवर पसरून मग ते जखमेवर ठेवणे सोपे जाते, कारण ओल्या जागेवर मध घसरतो आणि कडेला जमा होतो. थर जखमेच्या कडेबाहेर, लालसर सुजलेल्या त्वचेपर्यंत जावा. पोकळ जखम असेल तर आधी पोकळी भरून घ्यावी. वर शोषणारी जाड पट्टी, तिच्यावर बांधणी. ही वरची पट्टी काटकसरीने निवडली की मध बाहेर पाझरतो, चादरीला चिकटतो आणि लोक दोन दिवसांत उपचार सोडतात. मधाबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरे तर या पट्टीबद्दलच्या असतात.

सुरुवातीला लस जास्त येते, कारण मध ती ओढूनच आणतो. पहिले काही दिवस रोज, कधी दिवसातून दोनदाही ड्रेसिंग बदलावे लागते. वाहणे कमी झाले की दोन-तीन दिवसांनी, आणि पुढे उत्पादनाच्या सूचनेनुसार सात दिवसांपर्यंत चालते. कधी बदलायचे ते घड्याळावर ठरवू नये. पट्टीच्या कडेपर्यंत ओल आली की बदलायचे. ड्रेसिंग चिकटले तर सलाईनने भिजवून पाच मिनिटे थांबावे. ओढले तर नवी त्वचा सोबत निघते.

दोन गोष्टींनी माणूस घाबरतो. पहिली, जखम आठवडाभरात मोठी दिसू लागते. मधाने पिवळट मेलेला थर सैल होऊन निघालेला असतो, आणि खाली जखम मुळात तेवढी होतीच. कडा स्वच्छ आणि तळ लाल दिसत असेल तर हे ठीक. कडा लालभडक होऊन लाली पसरत असेल, वास वाढला असेल, ताप आला असेल, तर ते ठीक नाही, डॉक्टरांकडे जावे. दुसरी, झोंबणे. आंबटपणा आणि पाणी ओढण्याचा गुण यांमुळे थोडी चुणचुण बहुतेकांना होते आणि ओसरते. ती अर्ध्या-पाऊण तासातही ओसरत नसेल तर मध धुऊन काढावा आणि कमी मधाचे जेल वापरून पाहावे. मधाची किंवा मधमाशीच्या इतर पदार्थांची अॅलर्जी असलेल्यांनी मुळातच टाळावे.

भोवतालची त्वचा पांढरीफटक, पाण्यात बोटे सुरकुततात तशी झाली तर ती ओलीने भिजून खराब होत आहे. कडेला झिंक ऑक्साइडचे मलम किंवा संरक्षक फिल्म लावावी आणि ड्रेसिंग लवकर बदलावे. मध बंद करायची गरज नसते.

कुठे चालतो, कुठे नाही

वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि ३,०११ माणसे होती. उथळ ते मध्यम भाजलेल्या जखमा नेहमीच्या काही ड्रेसिंगपेक्षा मधाने चार ते पाच दिवस आधी भरल्या; शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही जंतुनाशक आणि गॉझपेक्षा मध सरस ठरला. पायाच्या शिरांच्या विकाराने होणाऱ्या जुनाट जखमांत मात्र फायदा दिसला नाही. तिथे खरा उपचार दाब देणारी बांधणी. वरून काय लावले याने फारसे अडत नाही. खोल, तिसऱ्या दर्जाच्या भाजण्यावर उत्पादकच वापरू नका म्हणतात.

मधुमेह असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांत नळीच्या तोंडाशी रोज मेडिहनी लावून संसर्ग टळतो का, हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३७१ रुग्णांवर पाहिले गेले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. फायदा झाला नाही, आणि मधुमेहींत संसर्गाचा धोका उलट वाढलेला दिसला. मधुमेही पायाच्या जखमांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची २०२३ ची शिफारसही जखम भरण्यासाठी मध वापरू नये अशीच आहे. पायाच्या जखमेवर ट्यूब लावून आठवडे घालवणे म्हणजे तेवढा उपचार लांबवणे.

खाण्याच्या मधाच्या बाजूने जमेला धरावी अशी गोष्ट एकच, आणि ती साध्या मधालाही लागू आहे: सर्दीचा रात्रीचा खोकला. २००७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात १०५ मुले होती. त्यांतल्या एका गटाला झोपण्याआधीच्या अर्ध्या तासात मध दिला होता: २ ते ५ वर्षांच्या मुलांना अर्धा छोटा चमचा, ६ ते ११ ला एक, १२ ते १८ ला दोन. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा खोकला आणि झोप दोन्ही सुधारले. तो मध बकव्हीटचा होता. २०१२ मध्ये इस्रायलमध्ये ३०० लहान मुलांवर निलगिरी, लिंबूवर्गीय आणि पुदिन्याच्या कुळातल्या फुलांचा असे तीन मध तपासले. तिन्ही खजुराच्या अर्कापेक्षा बरे ठरले. एमजीओचा इथे काही संबंध दिसत नाही. दाट, गोड पातळ पदार्थाने घशाला लेप बसतो, लाळ सुटते आणि ढास कमी होते, हेच बहुधा खरे कारण. दात घासून झाल्यावर मध चाटवून मुलाला तसेच झोपवले तर दातांना भोगावे लागते. मध आधी, ब्रश नंतर.

एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. मघाचे ते बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि अंग लुळे पाडणारा आजार होतो. यूएमएफ २५ चा मधही याला अपवाद नाही.

प्रतिकारशक्ती, पचन, सांधे, ‘शरीरशुद्धी’ या दाव्यांवर वेळ घालवण्यासारखे काही नाही. मोठा चमचा, म्हणजे २१ ग्रॅम मधात १७ ग्रॅम साखर आणि ६४ कॅलरी असतात. जागतिक आरोग्य संघटना मधातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते.

‘औषधी’ म्हणूनच ऑनलाइन विकला जाणारा एक मध मात्र सरळ धोक्याचा: नेपाळ आणि तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या काठावरचा ऱ्होडोडेंड्रॉनचा ‘मॅड हनी’. त्यातल्या ग्रेयानोटॉक्सिनमुळे रक्तदाब आणि नाडी एकदम खाली येतात, चक्कर आणि उलट्या होतात. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो चाखूनही पाहू नये.

डोळ्यांसाठी मानुकाचे निर्जंतुक थेंब मिळतात, ऑप्टिमेल या नावाने, १६ टक्के मधाचे. कोरड्या डोळ्यांसाठी ते वापरतात. घातल्यावर मिनिटभर चांगलेच चुणचुणतात. बरणीतला मध पाण्यात मिसळून घरी बनवलेले थेंब डोळ्यात घालू नयेत; त्या पाण्यातून आलेला जंतू डोळ्याच्या बुबुळापर्यंत पोचू शकतो.

ट्यूब एकाच माणसासाठी ठेवावी. तिचे तोंड जखमेला टेकवू नये. टेकलेच तर पुढचा थोडा मध पिळून टाकून द्यावा. उघडल्याची तारीख पेनने ट्यूबवर लिहून ठेवावी, कारण महिन्याभराने ती आठवत नाही. पाकिटातली पट्टी अर्धी कापून उरलेली परत ठेवली तर ती निर्जंतुक राहत नाही. मोठ्या जखमेला मोठी आणि छोटीला छोटी पट्टी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.